सावकाश ओढलेली तिरकी रेघ

टी. नगरमधल्या त्या दुकानात पहिला ड्रॉइंग टॅब्लेट घ्यायला गेले तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होते. सिरुसेरीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. मला कोण फसवणार! टॅब्लेट कसा निवडावा याचे व्हिडिओ बघून बघून पाठ झाले होते. त्यातली एक परीक्षा सोपी होती. पेननं अगदी सावकाश तिरकी रेघ ओढायची. टॅब्लेट हलक्या प्रतीचा असेल तर ती थरथरत उमटते.

पहिल्या टॅब्लेटवर रेघ थरथरली. मी नवऱ्याकडे बघून म्हटलं, "बघ, आणि म्हणे हा सगळ्यात जास्त खपतो!" दुसरा नामांकित कंपनीचा होता, त्यावरही तेच. तिसऱ्याला स्क्रीन होती, थेट काचेवरच काढायचं. तिथंही रेघ तशीच आली.

"पीस एकदम नवा आहे, मॅडम," सेल्समन अजिजीनं म्हणाला.

आमच्या कामात एक रीत आहे. बिघाड कशात आहे ते कळेना की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी पेन बदलून मागितलं. मग केबल. मग लॅपटॉप. सेल्समन बिचारा निमूटपणे देत गेला. आता काय बदलायचं राहिलं याचा विचार करताना माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"स्केल आहे का?" मी विचारलं. त्यानं काउंटरवरून प्लास्टिकची पट्टी आणून दिली. ती टॅब्लेटवर दाबून धरली, तिच्या कडेनं तितकीच सावकाश रेघ ओढली. सरळ आली. टॅब्लेटमध्ये काहीही खोट नव्हती.

"एसी फार आहे इथं, गारठलीस तू," नवरा म्हणाला. मी लगेच मान डोलावली. खरं तर घामानं माझी पाठ भिजली होती. मला सांगलीचं घर दिसत होतं. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची. निवृत्तीनंतर त्यांनी ब्रशला हात लावला नाही. डोळे साथ देत नाहीत म्हणायचे. पण चहाचा कप ते अर्धाच भरून घेतात, आणि तोही दोन्ही हातांनी धरतात. हे मी कित्येक वर्षं बघत आले होते. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा कळलं आणि मी विलक्षण घाबरले.

"परवाइल्ला, मॅडम," काही हरकत नाही, असा सेल्समननं तमिळमध्ये धीर दिला. त्यानं चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ गुळगुळीत करणारी सेटिंग शोधून पार शेवटपर्यंत सरकवली. "आता काढून बघा."

रेघ लोण्यासारखी आली. "हाच द्या," मी घाईघाईनं म्हटलं. कुठला टॅब्लेट होता तो, हेही धड पाहिलं नाही. रिक्षात बसल्यावर हात मांडीखाली दाबून ठेवला. नवरा रंगांबद्दल काहीतरी विचारत होता, मी हो हो करत राहिले.

रविवारी सकाळी मी टॅब्लेटवर बाबांच्या जुन्या सायकलचं चित्र काढलं. चाकं अगदी गोल आली, एकेक तार सुबक. फोनवर चित्र पाठवलं. शाबासकी मिळाली की ही भीती जाईल, असं वेड्यासारखं वाटत होतं.

थोड्या वेळानं त्यांचा फोन आला.

"छान आहे. फारच सरळ आहे," बाबा म्हणाले. मग विचारलं, "हात कधीपासून थरथरतोय?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मी सगळ्यांना डोळ्यांचं कारण सांगत बसलो," ते म्हणाले. "डॉक्टरांकडे कधी गेलोच नाही, भीती वाटायची. तू उद्याच जा. आणि जाताना, रेघा गुळगुळीत करणारं जे काही लावलं असशील ते बंद कर, एक रेघ तशीच काढून त्यांना दाखव."