उपासाला दही चालतं

आमच्या जाऊबाई कशाकशाला घाबरतात हे विचारू नका, कशाला घाबरत नाहीत ते विचारा. उत्तर लवकर संपेल. सरकत्या जिन्याला घाबरतात, लिफ्टला घाबरतात, फोनवरच्या आवाजाला घाबरतात, समोरच्या घरातल्या मांजराला घाबरतात. इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात दुकानाच्या काचेच्या दारापुढे उभ्या राहून त्या दाराला म्हणाल्या, "तू आधी नीट उघड, मग मी येते." दार आपलं उघडतंय, मिटतंय, उघडतंय. मागे माणसांची रांग. शेवटी मीच दंडाला धरून आत ओढलं.

अशी बाई परदेशात नोकरीला आलीच कशी, असं सगळे विचारतात. हौस म्हणून नाही आली. आमच्या दोघींच्या नवऱ्यांचं मिळून एकच दुकान होतं, ते बसलं तेव्हा दोन्ही घरं बसली. त्याच सुमारास इथल्या एका वृद्धाश्रमाला बायका हव्या होत्या. मला लाँड्री मिळाली, जाऊबाईंना दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची देखभाल. पोरं सासूबाईंकडे. इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की परवाना गेला, परवाना गेला की चला घरी. त्यामुळे जाऊबाईंच्या घाबरण्यात आणखी एका मोठ्या गोष्टीची भर पडली, आणि खरं सांगायचं तर त्या एका बाबतीत मीही त्यांच्याइतकीच घाबरते.

येताना त्यांनी विरजण आणलं. पातळ पदार्थ विमानात नेऊ देत नाहीत म्हणून रुमाल दह्यात बुडवून कडक वाळवला आणि घडी करून बॅगेत ठेवला. विमानतळावर एक कुत्रा सगळ्यांचं सामान हुंगत फिरत होता. आमच्या बॅगेशी आला आणि चक्क बसला! जाऊबाईंचं तोंड पांढरं झालं, त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव सुरू केलं. साहेबाने बॅग उघडली, तो पापडासारखा रुमाल काढला, नाकाशी नेला आणि मान झटकन मागे घेतली. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय आहे हे?" मी म्हटलं, "रुमाल." वापरलेला असणार, असं समजून त्याने तो दोन बोटांनी परत ठेवला. त्या रुमालाची आज कितवी पिढी चालू आहे देव जाणे, पण आमच्या खोलीत हीटरवर दही रोज लागतं.

दही कशाला, तर उंबऱ्याबाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायला. ते ठेवल्याशिवाय त्या कोणाला सोडत नाहीत. मी म्हणते, "अहो ताई, मी दळायला... आपलं, धुवायला चाललेय, काशीला नाही!" पण नाही. नळ दुरुस्त करणारा आला, जाताना त्याच्याही हातावर चमचाभर. त्याने हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि क्रीम समजून दोन्ही तळहात छान चोळून घेतले. मी हसून हसून लोटपोट. जाऊबाई मात्र गंभीर. म्हणाल्या, "असू दे. अंगाला तरी लागलं."

हसते खरी, पण मला त्यामागचं ठाऊक आहे. त्या नव्या नवरी असताना आमचे सासरे गडबडीत गावाला निघाले. दही-साखर द्यायचं काम नव्या सुनेचं. ह्या वाटी-चमचा घेऊन दारात येईपर्यंत ते रिक्षात बसले होते. म्हणाले, "राहू दे गं, उद्या येतोच आहे." आलेच नाहीत. त्यांची गाडी घाटात उलटली. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत सुनेला, पण न बोललेलं माणूस जास्त ऐकतं.

तर दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारा होता. जन्मभर शहरातली बस चालवलेला, तिरसट, जेवणाला नावं ठेवणारा. तेही खोटं नव्हतं. तिथली भाजी आधी उकडतात, मग उकडलेली परत उकडतात, मीठ बहुधा लांबून दाखवतात. भेटायला कोणी यायचं नाही. जाऊबाई त्याला आजोबा म्हणायच्या आणि त्यालाही ते नाव आवडायचं. ही बाई एकटी बसमध्ये चढत नाही हे कळल्यावर त्याचा जीव कासावीस झाला. बसड्रायव्हर तो! रोज जेवताना ताटातले वाटाणे ओळीने मांडायचा आणि काटा फिरवत शिकवायचा, "हा आपला दरवाजा. इथे चढायचं. इथे बाजार, इथे पूल, आणि हा शेवटचा वाटाणा म्हणजे मोठं हॉस्पिटल. तिथे सगळेच उतरतात." मग शेवटचा वाटाणा खाऊन टाकायचा. जाऊबाई माना डोलवायच्या आणि माझ्याशिवाय कुठेही जायच्या नाहीत.

त्याच हॉस्पिटलात आजोबांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी नर्सने पलंगाला पाटी लावली, तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. जाऊबाईंना समजावून सांगितलं, त्यांनाही नीट समजलं. सकाळी गाडी आली, आजोबांना घेऊन गेली. थोड्या वेळाने जाऊबाई लाँड्रीत उतरल्या. चेहऱ्यावर समाधान.

"गेले बाई आजोबा. फार घाबरले होते. पण दही-साखर देऊन पाठवलंय, आता चिंता नाही."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. "काय देऊन?"

"दही-साखर."

"अहो ताई, त्यांना उपाशी ठेवायचं होतं ना?"

"हो मग! उपाशीच आहेत बिचारे. पाण्याचा थेंब दिला नाही मी. दही चालतं की उपासाला."

आता काय कपाळ बडवून घेऊ? चूक त्यांची एकटीची नव्हती. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणणाऱ्या घरात आम्ही दोघी नांदलो. आमच्याकडे प्रसादाने उपास मोडत नाही, तीर्थाने मोडत नाही, आणि दही-साखरेला तर खाणं म्हणतच नाहीत. तो शकुन. पण भुलीचं औषध शकुन जाणत नाही. माझ्या धाकट्याच्या वेळी माझं पोट फाडलं तेव्हा डॉक्टरने मला बजावलं होतं, तेच मी त्यांना सांगितलं. भूल दिली की पोटातलं वर येऊ शकतं, वर आलेलं छातीत उतरतं, आणि माणूस टेबलावरच गुदमरतो.

जाऊबाई मळक्या चादरींच्या ढिगावर मटकन बसल्या.

मी दार लोटून घेतलं. म्हटलं, "एक चमचा तर होता. चमचाभराने काय होतंय! गप्प बसा. कोणी बघितलं का? नाही ना? मग तोंडाला कुलूप. नोकरी गेली तर दोघींची जाईल, पोरांच्या फिया कोण भरणार आहे?"

"आणि ते गेले तर?"

"नाही जात हो!"

"मामंजीही उद्या येतो म्हणाले होते," जाऊबाई म्हणाल्या, आणि उठल्या.

मी पदर धरायला गेले, पण इथे युनिफॉर्मला पदर कुठला! त्या थेट मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये, मी मागोमाग. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सुपरवायझर, त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने जाऊबाई एरवी कपाटाआड होतात. त्यांच्यासमोर उभं राहून, मोडक्यातोडक्या भाषेत सांगून टाकलं, मी खायला दिलं. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून संगीत वाजायला लागलं. आपण रांगेत आहात, कृपया थांबा. परत संगीत. त्या मला विचारतायत, दही म्हणजे किती, साखर किती, किती वाजता, मी उत्तरं देतेय, संगीत वाजतंय. मागे वळून बघते तर जाऊबाई नाहीत.

खिडकीतून दिसल्या. ॲप्रनवरच, अंगात कोट नाही. हातावर काही घेतलं नाही. आपोआप उघडणारं दार उघडलं आणि त्या त्यातून सरळ चालत्या झाल्या. बस थांब्यावर येत होती. म्हातारा राहिला बाजूला, आता हीच कुठे हरवली तर भाऊजींना काय सांगू?

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यांत. बसमध्ये डोळे गच्च मिटावेसे वाटत होते, पण वाटाणे मोजायचे होते म्हणून उघडे ठेवले. बाजारचा वाटाणा गेला, पुलाचा गेला. पुलावर बस अडकली तेव्हा त्या उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, जणू ढकलणारच आहेत. शेवटच्या वाटाण्याला सगळे उतरले, त्याही उतरल्या. आत गेल्या तर वर जायला समोर सरकता जिना. दोन्ही हातांनी एकच कठडा धरून, खेकड्यासारख्या आडव्या, त्या वर पोचल्या.

आजोबा बोळात स्ट्रेचरवर होते, डोक्याला कागदी टोपी, आत न्यायच्या तयारीत. जाऊबाईंनी स्ट्रेचरचा दांडा धरला आणि सोडीनात. तिथली भाषा त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून पार पुसली गेली. मराठीत ओरडल्या, "खाल्लंय त्यांनी! दही खाल्लंय!" कोणाला काय कळणार? दोघे त्यांना बाजूला ओढायला लागले. मग त्यांनी चमचा करून दाखवला, तळहात करून दाखवला, तो चाटून दाखवला, आणि आजोबांच्या पोटावर हात ठेवला. तोंडाला मास्क लावलेली डॉक्टरीण थांबली. तिने आजोबांना विचारलं, "काही खाल्लंत?"

"नाही," आजोबा म्हणाले. ते याआधीही प्रत्येकाला नाहीच म्हणाले होते.

मग त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं आणि मान खाली घातली. "थोडंसं. गोड होतं."

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. चमचाभराने कदाचित काही झालंही नसतं, डॉक्टरीण म्हणाली, पण कदाचितवर ती कोणाला भूल देत नाही. आजोबा जाऊबाईंवरच भडकले. "मी कोणाला सांगणार होतो का? तुझी नोकरी जाईल एवढी अक्कल मला आहे!" म्हणजे बघा, तो म्हातारा आणि मी, एकाच मताचे निघालो.

मोठ्या बाईंनी झापायचं तेवढं झापलं. स्वतःहून सांगितलं म्हणून नोकरी राहिली, पण दुसरा मजला गेला. जाऊबाई माझ्याबरोबर लाँड्रीत आल्या. वर पाऊल ठेवायचं नाही, अशी सक्त ताकीद. आता त्या धुलाईच्या मशीनला घाबरतात. ते गरगरायला लागलं की माझ्या मागे येऊन उभ्या राहतात.

आजोबांची दुसरी तारीख आली. त्या दिवशी धुतलेल्या चादरी घेऊन मी वर गेले. ते चाकांच्या खुर्चीत, अंगावर घोंगडी. मला बघितल्यावर त्यांनी दाराकडे नजर टाकली, कोणी नाही असं बघून घोंगडीतून हात काढला आणि तळहात माझ्यापुढे धरला.

मी या सगळ्याला थोतांड म्हणत आलेय. पण एवढ्या लांब निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांची बोटं धरून मूठ मिटवली. म्हटलं, "आल्यावर. ठेवलंय तुमच्यासाठी." त्यांनी मूठ तशीच घोंगडीत घेतली.

खाली आले तर जाऊबाई स्टुलावर बसलेल्या. "दिलं नाहीस ना काही?"

"नाही दिलं."

त्यांनी मान हलवली. डबा न उघडता शेजारी तसाच. मी चहा ओतला, नको म्हणाल्या. पाणी दिलं, तेही नको. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काल संध्याकाळपासून बाईंनी तोंडात काही घातलं नव्हतं. आजोबांना खायचं नाही तर मीही खाणार नाही, असा सरळ हिशोब. आणि या वेळी उपासाला दहीसुद्धा चालत नव्हतं. मी भांडले, "तुम्ही चक्कर येऊन पडलात तर तुम्हाला कोण उचलणार? मी?" त्या मशीनच्या काचेकडे बघत राहिल्या. मशीन गरगरत होतं आणि त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या नाहीत. दुपार झाली. भिंतीवरच्या फोनकडे आम्ही दोघी बघत नव्हतो, म्हणजे एकसारख्या तिकडेच बघत होतो. वरून चपलांचा आवाज आला की मी चादरीची घडी अर्धवट सोडून दाराकडे जायचे.

फोन वाजला. जाऊबाई फोनला कधी हात लावत नाहीत. मी उठेपर्यंत त्यांनी उचलला होता.

मोठ्या बाईंचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. "शुद्धीवर आलाय तो. ठीक आहे. पण नर्स वैतागली आहे. सारखा तळहात पुढे करतोय, काहीतरी मागतोय, कोणाला काही कळत नाहीये. काय हवंय त्याला?"

जाऊबाई रडत होत्या. फोन तसाच कानाशी धरून त्यांनी दुसरा हात माझ्यापुढे केला आणि खुणेने पाणी मागितलं.