पबच्या मागची नदी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. व्हॉट्सॲपवर भुताचा फॉरवर्ड आला की न वाचता डिलीट! तरी हे लिहितेय, कारण मनातून जातच नाही...

आम्ही मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये राहतो. फेब्रुवारीत माझी आई वाईहून आली होती. हल्ली ती विसरायला लागली होती — गॅस, औषधं, एकदा तर माझ्या लेकीचं नाव. सोमवारी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट होती. वयाचा विसराळूपणा निघाला तर ती खुशाल वाईला परत जाणार, नाहीतर तिचं तिथलं एकटीचं घर बंद. टेन्शनने माझी झोप उडालेली. म्हटलं, शनिवारी तिला जरा फिरवून आणू.

आई कृष्णेकाठची. कुठलीही नदी ओलांडताना पाण्यात नाणं टाकून हात जोडणारच. वेरिबी नदीच्या पुलावरही टाकलं! "आजी, दॅट्स लिटरिंग!" लेक ओरडली. आई म्हणाली, "तुझं तुझ्यापाशी ठेव."

दोनेक तासांवर एक चिमुकलं गाव लागतं. नाव देत नाही, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. एक बेकरी, एक जुना पब, धान्याचा सायलो आणि गाडी न थांबणारं स्टेशन. चहूकडे सपाट, वाळून गेलेलं रान. पबपाशी गाडी लावली, तर आई उतरून तरातरा मागच्या बाजूला निघाली.

"अगं, कुठे चाललीस?"

"नदी आली ना! नाणं दे."

तिथे पाण्याचा टिपूस नव्हता. ती गवतात थांबली, नाणं टाकलं, हात जोडले. "पाणी गार आहे गं," म्हणाली. मी तोंड फिरवून रडले. संपलं सगळं, असंच वाटलं.

पबवाली बाई बाहेर आली. "शी ओके, लव्ह?" मी सांगितलं, तशी ती म्हणाली, "आमचा व्हरांडा बघ, हायवेकडे पाठ करून आहे ना? मेन स्ट्रीट इथे होता, नदीकाठी. पणजोबांच्या काळात मोठा पूर आला आणि नदीने पात्रच बदललं, पार सायलोपलीकडे गेली. पुढे रेल्वे आली, गाव तिकडे सरकलं."

नवरा म्हणाला, "त्या जुन्या गमच्या, निलगिरीच्या झाडांची ओळ बघून ओळखलं असेल आईंनी." असेल बाबा. पण गाडीत बसवताना आईच्या साडीचा काठ माझ्या हाताला लागला — ओलाचिंब, गार. मी परत जाऊन पाहिलं. नळ नाही, पाइप नाही, गवत पायाखाली कुरकुरत होतं.

घरी येईपर्यंत मी वेड्यासारखी खूश होते. आईचं डोकं शाबूत आहे! सोमवारी टेस्ट झाल्या, पुढे स्कॅनही झाले. शेवटी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं — आजार आहे, वाढत जाणार.

वाईचं घर बंद केलं. आई आता आमच्याकडेच असते, कधीकधी मला तिची अक्का समजते. मग तिला ती नदी कशी दिसली? काठ कशाने भिजला? मला आजही माहीत नाही.

परवा पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी आई नुसती बसून राहिली. मीच तिला पबच्या मागे नेलं, हातात नाणं दिलं. तिला काय करायचं ते आठवेना. शेवटी मीच टाकलं.

"नमस्कार कर, आई."

"कुणाला गं?"

समोर नुसतं वाळलेलं गवत.

"नदीला," मी म्हणाले.