मी कापलेलं बोलणं

आईचा आवाज लॅपटॉपमधून स्टिरिओत न्यायला मला तीन दिवस लागले. स्टिरिओ वडिलांनी कल्याणहून आणलेला, दोन कॅसेटींचा, कमरेएवढ्या स्पीकरचा. कॅसेट फिरवणारा त्याचा पट्टा कधीच वितळून चिकट झाला होता, पण बाहेरून आवाज जोडायची मागची लाल-पांढरी भोकं शाबूत होती. शहापूरच्या मोबाइलच्या दुकानातून काडेपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर आणून मी तिथं जोडला. आधी नुसतं घुमायला लागलं. रिसीव्हरचा चार्जर दुसऱ्या बोर्डात लावला, तेव्हा थांबलं.

एवढा खटाटोप अशासाठी, की लॅपटॉपच्या बारीक आवाजातली बाई ती स्वतः आहे हे आईला पटेना. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू आणि वाचा नेली. समजतं सगळं, शब्द फुटत नाही. त्याआधी पंचक्रोशीतल्या लग्नांत ती धवलारीण म्हणून जायची. मांडवात धवले गाऊन हळदीपासून सगळे विधी तीच पार पाडायची. पार किन्हवलीपर्यंत तिला बोलावणी असत. ती आजारी पडल्यावर गावात धवले म्हणणारं कोणी उरलं नाही. मग शेणव्याच्या चुलतभावाची सून शिकायला तयार झाली. मुरबाडकडची पोर, गळा गोड, जीभ तिखट.

शिकवणाऱ्याला बोलता येत नव्हतं, पण कॅसेटी होत्या. म्हणजे होत्या असं सगळ्यांना वाटत होतं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी, आता हयात नसलेल्या माझ्या आत्याला धवले शिकायचे होते, तेव्हा वडिलांनी स्टिरिओला माइक लावून आईचं शिकवणं भरून ठेवलं होतं. पाच कॅसेटी. पाच वर्षांपूर्वी मी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. रविवारी सुट्टी असली की हेडफोन लावून बसायचो. दोन धवल्यांमध्ये आई आत्याशी बोलत असायची, खोकायची, कोंबडी हाकलायची, आत्या हसायची. मला ते सगळं कचरा वाटलं. मी ते कापलं. स्वच्छ धवले तेवढे ठेवले आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. घरात लादी बसवताना कॅसेटी भंगारात दिल्या. तेव्हा आई धडधाकट होती. पुढं कधी हे लागेल असं मनातही आलं नाही.

पहिल्या दुपारी सून आली, आईला उशी लावून बसवलं, मी धवला सुरू केला. मधेच लॅपटॉपवर कसला तरी मेल आला आणि त्याची टिंग दोन्ही स्पीकरमधून एवढी मोठी वाजली की आई दचकली.

"काका, लग्नात हे पण म्हणायचं का वो?" सून म्हणाली.

आईचं तोंड डाव्या बाजूनं हसलं. स्वतःचा तरणा आवाज ऐकून तिचे डोळे भरले होते. धवला संपला. तिनं डावा हात वर केला. थांब, आता मी सांगते ते नीट ऐक, असा. आणि लगेच दुसरा धवला सुरू झाला. हात तसाच हवेत राहिला.

तो संपल्यावर पुन्हा हात वर. पुन्हा पुढचा धवला. मग तिनं हाताजवळच्या स्पीकरवर थाप मारली.

"आजी, नका मारू. मोडला तर काका तुमालाच गायला लावतील."

आई हसली नाही. तिनं कॅसेटच्या कप्प्याकडं बोट दाखवलं. मी उघडून दाखवला. रिकामा.

"वायर खराब आहे आई," मी म्हणालो. "मधला आवाज गाळतेय. नवी आणतो."

पुढचे चार दिवस मी तेच सांगत होतो. मी घरात शिरलो की आईची नजर आधी माझ्या हाताकडं जायची, वायर आणली का. पाचव्या दिवशी मी खरोखर नवी वायर घेऊन आलो. त्या वायरचा स्टिरिओशी काही संबंध नव्हता. ती बघून आईचा चेहरा जो उजळला, तो मला सोसला नाही. खाली बसलो आणि सांगितलं. मी कापलं, आई. मीच. कॅसेटीपण नाहीत.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग भिंतीकडं वळली. त्या दिवशी माझ्या हातून जेवली नाही, बायकोनं भरवलं.

"मला तरी सांगायचंस," बायको म्हणाली. "ती पोर रोज शेणव्याहून उन्हात येते."

दुसऱ्या दिवशी सुनेलाही सांगितलं. ती आईजवळ सरकली. "आजी, मी इचारते. तुमी मान हलवा." माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, लावा. नि धवला संपला का बंद करा."

मी बंद केलं.

"इथं घरच्यांची नावं घ्यायची ना?"

आईनं मान हलवली. हो.

"बापाचं आधी?"

नाही.

"आज्याचं?"

हो.

"नि आजा जिता नसंल तर? तरी घ्यायचं?"

हो, हो. आईचा हात गुडघ्यावर आपटला.

असं चाललंय गेले दोन आठवडे. सात धवले झाले. जे सुनेला विचारायचं सुचतं, ते मिळतं. आठव्या धवल्यानंतर मात्र तिचे सगळे प्रश्न संपले, तरी आईची मान नाहीच म्हणत राहिली. हळद? नाही. तांदूळ? नाही. मामा? नाही. शेवटी आईनं बोट केलं, ते माझ्याकडं.

"काका, तुमी ऐकलंय ना सगळं?" सून म्हणाली. "इथं आजी काय बोलल्यावत्या?"

मी ऐकलं होतं. दोनदा तरी ऐकलं असेल, कारण कुठून कुठवर कापायचं हे बघायला ऐकावंच लागतं. बोलणं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, तेवढंच मी बघत होतो. कोंबडी आठवते. आत्याचं हसू आठवतं.

"परत लावा," सून म्हणाली. मी आठवा धवला परत लावला. तो संपेपर्यंत आई माझ्याकडंच बघत होती.