महिला प्रवासी, एक

“बाई, एवढे कप उचला.”

मी खुर्चीवरून उठले. कप उचलले.

पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत रेल्वेगाड्यांबद्दलची बैठक चालू होती. लांबडं टेबल, पंधरा-वीस पुरुष. मी हडपसरच्या एका कंपनीत साफसफाईला आहे. अर्धी पाळी करून तशीच आले होते, निळ्या युनिफॉर्मात. पण तिथं मी कामाला नव्हते. मला बोलावलं होतं. यादीत लिहिलं होतं, महिला प्रवासी, एक. ती एक मी. हे सांगायला तोंड उघडायच्या आत माझे हात ट्रेकडे गेले. त्या हातांचा राग मला अजून येतो.

ज्यांनी सांगितलं ते प्रवासी मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त गृहस्थ. आवाज मऊ. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी तिथं का गेले ते सांगते.

दौंडच्या अलीकडं आमचं गाव. सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही बाया पुण्याकडं कामाला येतो. कुणी दवाखान्यात आया, कुणी कारखान्यात पॅकिंगला. मागून लांब पल्ल्याची गाडी आली की आमची बाजूला उभी करतात. कधी वीस मिनिटं, कधी तास. का, किती वेळ, कुणी सांगत नाही. खाडा मात्र आमचा लागतो.

सुनंदाताई रोज माझ्याशेजारी बसायची. पन्नाशीची, साखरेचा आजार. त्या दिवशी गाडी हडपसरच्या अलीकडं थांबली ती थांबलीच. डब्यातल्या संडासाचं दार तारेनं बांधलेलं. कित्येक दिवस तसंच होतं. उतरावं तर पायरी उंच, खाली खडी, दोन्हीकडं रूळ. ती आधी माझ्या कानात कुजबुजली. मग तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि डोळे मिटले. बाकाखालून ओल दाराकडं सरकत गेली. उभ्या माणसांनी पाय उचलले. कुणीतरी हसलं. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून एसी डब्यांची गाडी धडधडत निघून गेली.

मी माझी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली. ती एवढंच म्हणाली, “आता मी या गाडीत बसायची न्हाय.”

बसली नाही. अठरा वर्षांचं काम तिनं सोडलं. कारण कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर स्टेशनवर बैठकीची नोटीस लागली. बायांनी माझं नाव दिलं. मी दहावी पास म्हणून.

आणि त्याच बैठकीतून मी कप घेऊन बाहेर गेले. कोपऱ्यातल्या नळाखाली ते धुतलेसुद्धा. का धुतले, सांगता येत नाही. माझ्या आईनं गावातल्या मोठ्या घराची भांडी जन्मभर घासली आणि त्या घरी पाणी ओंजळीनं प्याली. ते अंगात मुरलेलं असतं.

परत आले तेव्हा मुंबईच्या जलद गाडीच्या डब्यांवर चर्चा चालली होती. मी हात वर केला. दोनदा. मग उभीच राहिले. म्हणाले, साहेब, आमच्या पॅसेंजरचं.

बैठक घेणाऱ्या रेल्वेच्या साहेबांनी कागद चाळला. तो विषय झाला, म्हणाले.

“मी बाहेर होते. कप धुवायला.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपणांस धुवायला कुणी सांगितलं होतं?”

दोघं-तिघं हसले. खरंच होतं. उचलायला सांगितलं होतं, धुवायला नाही.

शेवटी कागद फिरला. पॅसेंजर गाड्यांपुढं लिहिलं होतं, विशेष तक्रार नाही. खाली माझं नाव. कारकुनानं विचारण्याआधीच शाईचा पॅड उघडून पुढं सरकवला. मला लिहिता येतं, मी म्हणाले. त्यानं पेन दिलं.

मी पेन खाली ठेवलं.

“यावर सही करणार नाही. यात खोटं लिहिलंय.”

साहेब म्हणाले, अहो, नुसती हजेरी आहे. मी म्हणाले, हजेरी कोऱ्या कागदावर करते. सुनंदाताईचं सगळं ओठांवर आलं होतं. पण आत्ता हसलेली ती तोंडं पाहिली आणि ते तिथंच राहिलं. अध्यक्ष म्हणाले, यांच्या सहीवाचून गाडी अडत नाही.

अडली नाही. कागद पुढं गेला.

परतताना डब्यात बाया चिडल्या. सही केली असतीस तर पुढच्या वेळी बोलावलं तरी असतं, म्हणाल्या. संध्याकाळी सुनंदाताईकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “माझं नाव घेतलंस का?”

“नाही.”

“बरं केलंस.”

ते मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. लाज तिची नव्हतीच. दार बांधणाऱ्याची होती, गाडी उभी करून विसरणाऱ्याची होती. ती मात्र आम्हीच पदराखाली झाकत होतो. मी तिथंच तिच्यासमोर बसले आणि हे बोलले. तिनं तांदूळ बाजूला सारले. म्हणाली, नाव घे.

गाडी अजून उभी राहते. काल पाऊण तास राहिली. पुढच्या बैठकीला मला बोलावणार नाहीत, ते माहीत आहे. मी जाणार आहे. आत घेतलं नाही तर दारातून बोलेन. सुनंदा म्हणेन, संडास म्हणेन, लुगडं भिजलं म्हणेन. त्यांना ऐकायला घाण वाटेल. वाटू दे. आमचं रोजचं आहे ते, त्यांनी एकदा ऐकायचं.