बोट कशाला दाखवायचं

केडगावात आमच्या मागच्या गल्लीत राहणारे काका कॉम्प्युटरला माऊस लावत नाहीत. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं आणि मान जरा तिरकी करून उत्तराची वाट बघायची, असं त्यांचं काम. कोणी माऊस मागितला की म्हणतात, "तोंड हाय ना आपल्याला? मग मुक्यावानी बोट कशाला दाखवायचं? सांगायचं की त्याला." माझ्या पीडीएफ फायली ते असेच एका ओळीत जोडून देतात आणि वर चहाही पाजतात.

परवा दार उघडंच होतं. काका पाठमोरे बसलेले, आणि हातात चक्क माऊस. मी दारातूनच मोठ्यानं हसलो. "काय काका, तोंड कुठं गेलं? बोट दाखवायला लागलात?"

मग मला पडदा दिसला. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या आईचा जुना फोटो उघडा होता. चेहऱ्यावरून गेलेली घडीची पांढरी रेघ ते माऊसनं ठिपक्याठिपक्यानं पुसत होते. कपाळ आणि डोळे स्वच्छ झाले होते. गालावर रेघ अजून तशीच होती.

काकांनी वळून बघितलं नाही. घाईघाईनं विंडो बंद करायला गेले. केलेलं काम सेव्ह करायचं का, असं प्रोग्रॅमनं विचारलं, तर त्यांनी 'नको' दाबलं. माऊस काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

"बोला, काय जोडायचं हाय?"

तोंड मलाही होतं. मी नुसता पेन ड्राइव्ह पुढे केला.