स्वयंपाकघरातली सकाळ

हागोप नजारियनबरोबर मी चोवीस वर्षं काम केलं. तो कॅमेरामन, मी त्याचा मुख्य लाइटमन. तो बोट दाखवणार आणि मी दिवा हलवणार. माझी बायको म्हणायची, तू लग्न नक्की कोणाशी केलंस ते एकदा ठरव.

हागोप फ्रेस्नोकडचा आर्मेनियन. घरचा द्राक्षमळा. द्राक्षं लाकडी फळ्यांवर पसरून उन्हात वाळवायची आणि बेदाणे विकायचे, हा त्यांचा धंदा. १९१९ साली एक चित्रपट कंपनी त्यांच्या मळ्यात आली. ढगांनी दिवसभर छळल्यामुळे कॅमेरामन वैतागला होता. एकोणीस वर्षांच्या हागोपने आभाळाकडे बघून त्याला सांगितलं, की तुमची सिगारेट ओढून होईपर्यंत ऊन येईल. तसंच झालं. महिन्याभरात हागोप हॉलीवूडमध्ये त्या माणसाच्या कॅमेऱ्याची तिपाई वाहत होता आणि दहा वर्षांत स्वतःच कॅमेऱ्यामागे उभा होता.

त्याच्या वडिलांना, मिसाकना, हे काही पटलं नाही. कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला माणूस कशाला लागतो, असं ते म्हणायचे. प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असायचा, परत कधी येतोस? त्यांनी मुलाचा एकही चित्रपट पाहिला नव्हता.

१९३७च्या नोव्हेंबरात, छाटणीच्या आधी, म्हातारा बेदाण्यांची पेटी घेऊन स्वतःच आला. हागोपने त्यांना सेटवर खुर्ची दिली. त्या दिवशी शेतघरातल्या स्वयंपाकघराचा प्रसंग होता. नायिका पावाचं पीठ मळत बसलेली, वेळ सकाळची. मिसाक टोपी मांडीवर ठेवून तीन तास गप्प बसले. तेवढ्या वेळात आम्ही एक दिवा वीतभर डावीकडे सरकवला आणि पुन्हा वीतभर उजवीकडे. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की पोरगा वाया गेला.

मग त्यांनी हागोपला जवळ बोलावलं. ते आर्मेनियनमध्ये बोलत होते. मागाहून हागोपने मला शब्दन् शब्द सांगितला.

"ही बाई दुपारी पावाचं पीठ मळते का रे?"

"नाही बाबा. आत्ताच उठलीय ती. सकाळ आहे."

"मग ऊन एवढ्या वरून कसं येतंय?"

हागोप खिडकीकडे बघत राहिला. मोठा दिवा मी उंच मचाणावर चढवला होता, कारण तिथे तो सोयीचा होता. सोय बघताना सकाळ आमच्या हातून निसटली होती आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. हागोप हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"फ्लॉइड, दिवा खाली घे. पार जमिनीजवळ."

"दोन तास मोडतील," मी म्हणालो.

"मोडू देत. बाबा बरोबर बोलतायत."

दिग्दर्शक स्ट्राउड तणतणत आला. हा म्हातारा कोण, असं त्याने विचारलं. हागोप शांतपणे म्हणाला, "उन्हाच्या खात्यातले साहेब आहेत."

आम्ही दिवा उतरवला. खिडकीतून उजेड आडवा आला, टेबलावरून सरपटत गेला. हवेत उडालेलं पीठ चमकायला लागलं. नायिकेच्या हातांना पहिल्यांदाच काहीतरी वजन आल्यासारखं वाटलं. स्ट्राउड तो उजेड बघून आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

मिसाक उठून उभे राहिले. "आता कसे सात वाजले," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना मूठमूठ बेदाणे वाटले, स्ट्राउडलाही. मग मुलाला विचारलं, हे करण्याचा तुला पगार देतात? हागोप हो म्हणाला. म्हाताऱ्याने तोंडातले बेदाणे चावून संपवले. "मग सोडू नकोस ही नोकरी," एवढंच बोलला. त्यानंतरच्या पत्रांतून 'परत कधी येतोस' हा प्रश्न कायमचा गेला. उलट फ्रेस्नोत हागोपचा चित्रपट लागला, की मिसाक शेजारपाजारच्यांना घेऊन जायचे आणि पडद्यावर कुठलीही सकाळ आली, की मोठ्याने किती वाजले ते सांगायचे.

हागोपची मुलगी सिरानुश १९५२ साली लग्नाला उभी राहिली, तेव्हा त्याच्या बायकोने, आर्पिनेने, त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की फोटोवाल्याच्या कामात तोंड घालायचं नाही. फोटोवाल्याने सगळ्यांना भर दुपारी उन्हाकडे तोंड करून उभं केलं. हागोपने माझा दंड घट्ट धरला, पण ब्र काढला नाही. फोटोत वधूवरांसह चाळीस माणसं उन्हाने डोळे किलकिले करून उभी आहेत. त्याने तो केवढा मोठा करून घेतला आणि दिवाणखान्यात लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, "बघा, किती खूश दिसतोय आम्ही."