आधी कॉफी, मग चहा

भाड्याची खोली बघायला मी बेंगळुरात चामराजपेटेतल्या त्या घराची कडी वाजवली, तर दार उघडणाऱ्या बाईंनी माझं नावही न विचारता तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवले. म्हणाल्या, "मूठ मीट आणि बस गे. मला भूक लागलीय."

रविवारची दुपार होती. घरात काही पूजाबिजा असेल असं समजून मी नागपूरच्या वळणाप्रमाणे मुकाट्यानं पाटावर बसले. बाई वेताच्या खुर्चीत मागे रेलल्या, डोळे मिटले आणि सुरू झाल्या, "आटपाट नगर होतं. ते जर्मनीत होतं. तिथं एक गणिती राहायचा. त्याला सगळी आकडेमोड येत होती, पण 'एक' म्हणजे काय ते काही कळत नव्हतं." मी रात्रभर बसमधून आले होते. पंखा अगदी सावकाश फिरत होता आणि बाहेर अंगणात बुचाची फुलं एकेक करून खाली येत होती. मला खरंच वाटलं, की मला डुलकी लागली आहे आणि हे सगळं झोपेतच चाललंय. कहाणी संपली कधी ते कळलं नाही. बाई उठल्या, म्हणाल्या, "झाली. आता जेवते. खोली वर आहे, बघून ये." खोली बघायच्या आधीच मी ती घेऊन टाकली होती.

त्या यमुनाक्का. शहरातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. धाकटी बहीण पद्मक्का आणि त्या, अशा दोघी त्या घरात राहत. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. "आम्ही घोड्यावरून आलो, तू स्लीपर बसमधून, एवढाच फरक," असं त्या म्हणत. त्यांच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली होती, की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या 'करून राहिली'ला मात्र त्या पोटभर हसत. "करून राहिली म्हणजे? करून झाल्यावर तिथंच राहिली की काय?"

त्यांचा विषय होता विश्लेषक तत्त्वज्ञान. म्हणजे त्यांच्याच शब्दांत, "मोठे मोठे प्रश्न विचारणाऱ्याला आधी खाली बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, बाबा, या वाक्याचा अर्थ काय?" हे असं विचारणाऱ्यांची गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली परंपरा त्या शिकवायच्या. विद्यार्थी कमी होत गेले, शेवटी विभागच बंद झाला आणि त्यांच्या वर्गात संगणक आले. त्याचंही त्यांनी उदाहरण करून टाकलं होतं.

"'आमच्या कॉलेजातल्या आजच्या तत्त्वज्ञान-विभागप्रमुख फार कडक आहेत.' खरं की खोटं?"

"खोटं," मी म्हटलं.

"म्हणजे मऊ आहेत?"

"नाही, म्हणजे त्या नाहीतच ना, अक्का."

"हं. नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं कसं, यावर केंब्रिजात एकानं डोकं झिजवलं. मी ते वर्षानुवर्षं शिकवत होते. ते उदाहरण एक दिवस मीच होईन हे काही सुचलं नव्हतं." असं म्हणून त्या हसल्या, पण त्या दिवशी पद्मक्कांनी केलेल्या खिरीला त्यांनी हात लावला नाही.

ऐकायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी कहाणी धरली. पद्मक्का रविवारी सूर्याची कहाणी करत. सांगणाऱ्यानं सांगितल्याशिवाय जेवायचं नाही, ऐकणाऱ्यानं हातात तांदूळ धरायचे, हा नियम. अक्कांनी नियम घेतला आणि सूर्य बहिणीकडेच ठेवला. "मूठ मिटलेली असली की माणसाला मोबाईल धरता येत नाही," हे त्यांचं शास्त्र. मग रविवारी जो दारात येईल तो श्रोता. गॅसचं सिलिंडर आणणारा, नळ दुरुस्त करणारा, पत्ता चुकलेला रिक्षावाला, कुणालाही त्या कानडीत, हिंदीत, जमेल तसं सांगत. मी राहायला आल्यावर त्यांची वणवण थांबली, कारण इलेक्ट्रॉनिक सिटीतली माझी नोकरी रविवारी तरी मला सोडत असे.

त्या कहाणीत काय नव्हतं? त्या गणित्यानं आयुष्य घालून आकड्यांसाठी तर्काचं पक्कं घर बांधलं. शेवटची वीट बसणार, तोच समुद्रापलीकडून एकाचं पत्र आलं, की पायाला तडा आहे. तो तडा अक्का स्वयंपाकघराकडे बोट करून दाखवत. "गावात एक बाई. जे स्वतःसाठी रांधत नाहीत त्या सगळ्यांचं ती रांधते, आणि फक्त त्यांचंच. मग तिचं कोण रांधतं? ती स्वतःचं रांधत असेल तर रांधू शकत नाही, रांधत नसेल तर रांधायलाच हवं." आतून पद्मक्कांचा आवाज यायचा, "तिला म्हणावं इथं ये जेवायला, भात उरलाय." अक्का गंभीरपणे म्हणत, "तत्त्वज्ञानात हा तोडगा अजून कुणी काढला नाही."

मग एक राजपुत्र यायचा. त्यानं वडिलांची सगळी दौलत वाटून टाकली, लढाईच्या खंदकात बसून एक बारीकसं पुस्तक लिहिलं, सगळे प्रश्न सुटले म्हणून जाहीर केलं आणि डोंगरातल्या शाळेत पोरांना शिकवायला गेला. पुढं कितीतरी वर्षांनी परत येऊन म्हणाला, माझं चुकलं. इथं अक्का डोळे उघडत. "बघ, एवढा हुशार माणूस, आणि चुकलं म्हणाला. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं नाही कधी." त्यानंतर व्हिएन्नाच्या कॉफीवाल्यांची पाळी. ही मंडळी जमत आणि कुणी काही बोललं की विचारत, हे तपासून कसं बघायचं? लढाई आली, ती दूरदेशी पांगली. मग ऑक्सफर्डचे चहावाले. ते म्हणाले, आधी लोक रोजचं कसं बोलतात ते तर ऐका. पुरुष लढाईवर गेले होते तेव्हा तिथल्या वर्गांत बायकांचे आवाज ऐकू यायला लागले, हे सांगताना अक्का खुर्चीत ताठ होत.

क्रम मात्र माझा कायम चुकायचा. मी चहावाले आधी घ्यायची. "स्वल्प थांब," अक्का हात वर करत. "आधी कॉफी, मग चहा. बेंगळुरात राहतेस आणि एवढं कळत नाही?"

शेवटी कहाणीला जोडून वसा असायचा. कळलं नसेल तर मान हलवायची नाही. या शहरात मान सगळ्याच बाजूंनी हलते, त्यामुळे हा वसा भारी कठीण होता. 'सुफळ संपूर्ण' मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. भांडण अजून चालू आहे, म्हणायच्या, आणि माझ्या मुठीतले तांदूळ डब्यात परत टाकायच्या.

मग त्या न्हाणीघरात पडल्या. हाड जुळलं, पण इस्पितळातून आल्या त्या धूसर होऊन. खिडकीतून बुचाच्या झाडाकडे बघत राहत. एका रविवारी कहाणी सुरू केली, तर गणित्यापाशीच थांबल्या, आजूबाजूला बघितलं, आणि पुढचं काही त्यांना सापडेना. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पद्मक्का ताट घेऊन जिन्यावर आल्या आणि माझ्यासमोर रडल्या. "ऊटाच सोडलंय गे तिनं. सांगून झालं नाही म्हणते. किती दिवस असं चालेल?"

मी खाली गेले. डब्यातले तांदूळ अक्कांच्या मुठीत दिले, त्यांची बोटं मिटवली आणि त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसून म्हटलं, "आटपाट नगर होतं." गणिती झाला, तडा झाला, राजपुत्र आला, आणि घाईघाईत मी सवयीनं ऑक्सफर्डचा चहा ओतला. खाटेवरून एकदम हात वर झाला.

"स्वल्प थांब. आधी कॉफी."

पद्मक्का तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या. अक्कांनी त्या दिवशी सारभात खाल्ला आणि वर ताक मागितलं.

मग मी ऑफिसातून घरून काम मागून घेतलं आणि रोज दुपारी सांगायला लागले. चुकलं की त्यांना भूक लागते हे मला कळलं होतं, म्हणून मी चुकायची तयारी करून जात असे. राजपुत्राला दौलत परत दिली, तडा आपोआप बुजवला, व्हिएन्नाला समुद्र आणला. दर वेळी हात वर यायचा. एकदा त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "काय गे, मुद्दाम चुकून राहिलीस काय?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची सोयच नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "मग जरा चांगलं चूक." असा तो सगळा उन्हाळा गेला. त्या दुपारी आठवल्या की मला अजून त्या खोलीतला मंद उजेड दिसतो, आणि आम्ही दोघी त्यात तरंगत असल्यासारखं वाटतं. मी कधीच इतकी सुखी नव्हते.

एका दुपारी मी राजपुत्रानंतर चहावाले घेतले आणि थांबले. अक्का माझ्याकडे बघत होत्या. हात वर आला नाही. मी पुन्हा सांगितलं, मुद्दाम सावकाश, आधी चहा, मग कॉफी.

"सरी, बरोबर," त्या म्हणाल्या.

त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, की लक्षात येऊनही त्यांनी चूक माझ्या पदरात सोडून दिली, हे मला माहीत नाही. व्हिएन्नावाले म्हणाले असते, तपासून बघ. ते आता कुणाला जमणार? मग त्यांनी मूठ उघडली, तांदूळ माझ्या हातावर ठेवले आणि माझी बोटं आपल्या हातानं मिटवली. "सांगून झालं ना तुझं? मग आता तू जेव. दमलीस."

त्यानंतर फार दिवस त्या राहिल्या नाहीत.

मी अजून वरच राहते. पद्मक्का अजून भात जास्तच टाकतात. नसलेल्या माणसाबद्दल खरं कसं बोलायचं, हे केंब्रिजवाल्यानं सोडवलं म्हणतात. मला ते आजही पुरतं कळलेलं नाही, आणि म्हणून मी मान हलवत नाही. पण रविवार आला की मला सांगितल्याशिवाय जेवता येत नाही. आज सकाळपासून दारात कुणी आलं नाही, म्हणून हे लिहीत बसले. खालून पद्मक्का हाक मारताहेत, पानं वाढलीत म्हणून. तुम्ही ऐकलंत. आता मी जेवते.